आत येणारी हवा

नॉर्डाल, मिनेसोटा
नोव्हेंबर १९८४

प्रिय सेल्मर,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकला असशील. आपल्या घराण्यात पत्र येतं ते नाताळात, नाहीतर कुणी गेलं की. नाताळाला अवकाश आहे, तेव्हा आधीच सांगून टाकते, कुणी गेलेलं नाही. हार्लन बरा आहे, मीही बरी आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि निवृत्त झाल्यापासून हार्लनची खुर्ची बरोबर त्याच्या खाली असते. आणि तू नि मी, सख्खी भावंडं, फोनवर हवामान सोडून कधी काही बोललो आहोत? तुमच्या डुलुथला किती बर्फ पडलं, आमच्याकडे किती पडलं, बरं मग, ठेवते. मला या खेपेला बर्फाचं बोलायचं नाही. मला भीती वाटते आहे, सेल्मर. हे एवढं वाक्य लिहायला सकाळपासून बरेच कागद फाडले. हार्लन कॅफेत गेला आहे, तो येईपर्यंत लिहून संपवायचं आहे.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी चर्चच्या बायका नेहमीसारख्या माझ्याकडे लेफ्से करायला येणार. नाताळच्या बाजारात आपल्या चर्चचं टेबल बटाट्याच्या त्या पातळ पोळ्यांवरच चालतं, आणि मोठे विजेचे तवे, खाचांची लाटणी, उलथायच्या काठ्या सगळं आईच्या वेळेपासून माझ्याकडे. दिवसभर दोन तवे तापलेले असतात. यंदा आमची लेक मार्गिट आदल्या दिवशीच येते आहे, बाळाला घेऊन. मी आजी झाल्यापासून पहिल्यांदाच नात, ब्रिटा, माझ्या घरात झोपणार. हार्लनने तिचा पाळणा तळघरातल्या खोलीत लावून ठेवलाय, पाणी तापवायच्या गॅसच्या बंबाच्या भिंतीला टेकवून, कारण थंडीत आमच्याकडे तीच सगळ्यात उबेची जागा. पाळण्याला त्याने रंगही दिला आहे. मी कपडे धुवायला खाली जाते, तो पाळणा दिसतो आणि कपडे तिथेच टाकून वर येते. सांगते का ते. जरा कॉफी ओतून घेते.

सगळं सुरू झालं ते ब्लोअरपासून. तुला माहीत आहे, लेफ्से कोरड्या तव्यावर भाजायची. पोळीचं पीठ तव्यावर झडतं, जळतं, दुपारपर्यंत स्वयंपाकघरात धूर होतो आणि पडद्यांना पुढे इस्टरपर्यंत वास राहतो. शेगडीवर जो चिमुकला पंखा होता तो नुसता आवाज करायचा. मी बरीच वर्षं कुरकुरत होते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची जनावरांच्या खाद्याची गिरणी बंद पडली, तिच्या सामानाच्या लिलावाला हार्लन गेला आणि ट्रकमध्ये दोरीने बांधून एक ब्लोअर, म्हणजे हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा, घेऊन आला. अरे, वासराएवढा. मी म्हटलं, "हे स्वयंपाकघरासाठी आणलंस की चर्चचं छप्पर उडवायला?" तर म्हणतो, "ओढ कमी पडली तर मला सांग. जास्त झाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही." सगळा जन्म त्याने गावच्या धान्याच्या कोठारात धूळ ओढणारे ब्लोअर सांभाळण्यात घालवला, त्याला मी काय शिकवणार.

आणि बसवला मात्र असा की तू असतास तर तूही मान डोलावली असतीस. प्लास्टिकची लवचीक नळी दुकानदार देत होता, ती नको म्हणाला, तिच्या वळ्यांत स्वयंपाकाची चरबी साचते आणि एक दिवस पेट घेते. सरळ पत्र्याची गुळगुळीत नळी, सांध्यासांध्याला धातूची पट्टी. माळ्यावर सोडून द्यायचा सोपा मार्ग होता, पण ओलसर हवा माळ्यावर सोडली तर वासे कुजतील म्हणून भिंत फोडून थेट बाहेर काढली. बाहेर झडप, तिच्यावर पक्ष्यांसाठी जाळी. विजेसाठी वेगळी तार, वेगळा फ्यूज. दर रविवारी चर्चहून आला की जाळ्या काढून सोड्याच्या गरम पाण्यात बुडवतो, बेअरिंगला तेलाचे थेंब देतो, बाहेर जाऊन झडपेवर बर्फ धरलंय का बघतो. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची त्याला आठवण करून द्यावी लागते, ब्लोअरच्या तेलाची नाही. सगळं नीट केलं त्याने. फक्त एवढी हवा बाहेर जाते तर तेवढी आत कुठून येते, हा एक प्रश्न त्याला पडला नाही. त्याच्या कोठाराला पत्र्यापत्र्यामधून फटी होत्या, वारा हवा तिथून यायचा. तिथे असा प्रश्न कुणाला पडायची वेळच आली नाही.

आमच्या घराला आता एकही फट नाही. तेल महागलं तेव्हापासून हार्लनने घर बंद करायचं मनावरच घेतलंय. खिडक्यांना आतून प्लास्टिक, केस वाळवायच्या यंत्राने ताणून ढोलासारखं केलेलं. दारांना नवं रबर. भिंतींच्या बुडाशी बाहेरून गवताच्या पेंढ्या रचल्यात, तशा सगळेच रचतात, पण हार्लनने पेंढ्यांच्या मधल्या जागाही पोती कोंबून भरल्या. उंबऱ्यावर मेणबत्ती धरून ज्योत हलते का बघतो आणि हलली की बोळा. मी गंमत करायचे की आता आपल्या घरात माशीसुद्धा दार वाजवून येईल. ब्लोअर पहिल्यांदा पूर्ण वेगाने लावला त्या दिवशी मागच्या पडवीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला. खिडक्यांवरचं प्लास्टिक आत फुगलं, कुणी बाहेरून पोट टेकवून उभं असावं तसं. मला मागचं दार उघडून कोंबड्यांना सालं टाकायची होती, तर दार उघडेना. खांद्याने ढकललं तेव्हा सुटलं आणि वारा असा आत घुसला की टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं. हार्लन हसत होता. "बघितलीस ओढ?" माझ्याही चेहऱ्यावर हसू होतं बहुतेक. पाठीवर मात्र काटा आला, आणि का आला ते तेव्हा कळलं नाही.

ऑक्टोबरअखेर आम्ही थोड्या लेफ्से करून बघितल्या, नवं यंत्र कसं चालतं ते बघावं म्हणून. चर्चच्या बायकांपैकी व्हर्ना आली होती आणि ग्लॅडिस. धूर एक कण नाही. व्हर्ना म्हणाली, "हार्लन, आता आम्हाला तुझ्यासारखा एक एक नवरा लिलावातच बघायला हवा." तो लाल होऊन बाहेर पळाला. दुपार झाली. ग्लॅडिस लाटता लाटता खाली बसली, म्हणाली बूट घट्ट झालेत. व्हर्नाने चष्मा काढून डोळे चोळले, म्हणाली नंबर बदलला असणार. माझं डोकं कपाळापासून मानेपर्यंत दुखत होतं, मळमळत होतं, पीठ मळताना पोळ्या मोजत होते तो आकडा पुन्हा पुन्हा सुटत होता. मी काय म्हटलं असेन? काहीही नाही. कॉफी कमी झाली असेल म्हणून किटली ठेवली. कशा वाटतात पोळ्या, तर ठीक आहेत. तू कशी आहेस, तर तशी काही वाईट नाही. तू आपली माणसं ओळखतोस. आपल्यातला माणूस पाय तुटला तरी म्हणेल की दुसरा शाबूत आहे. तिघीजणी एकाच खोलीत आजारी होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं की चारचौघींत आपण हे बोलणं बरं नाही.

संध्याकाळी व्हर्नाला फोन केला, बाकी सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, "डोकंबिकं दुखलं नाही ना?" मग म्हणाली, "थोडं. म्हणजे अगदीच काही नाही. घरी पोचेपर्यंत गाडी दोनदा थांबवली." मी विचारलं उलटी झाली का, तर म्हणाली, "अगं, रस्त्याच्या कडेला. कुणी बघितलं नाही." एवढ्यावरून मला जे कळायचं ते कळलं. मी रिसीव्हर ठेवला आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. आपल्याकडच्या बायका मरायच्या झाल्या तरीसुद्धा आधी कुणी बघत नाही ना याची खात्री करतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी हार्लन गोल्फच्या मैदानाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला होता तेव्हा मी ते केलं, जे तू मला एकदा सांगितलं होतंस, आठवतंय का? मार्गिटच्या लग्नात, कुणीतरी धंद्याचं विचारलं म्हणून तू एरवीपेक्षा चार वाक्यं जास्त बोललास. म्हणालास, बंबाच्या डोक्यावर जी टोपी असते तिच्या कडेला विझवलेल्या काडीचा धूर धरायचा. धूर आत ओढला गेला तर धुराडं श्वास घेतंय. मी दारंखिडक्या होत्या तशा बंद ठेवल्या, वर ब्लोअर पूर्ण वेगाने लावला, गरम पाण्याचा नळ सोडला म्हणजे बंब पेटेल, आणि खाली गेले. काडी पेटवली, विझवली, टोपीपाशी धरली. धूर माझ्या तोंडावर आला. आत गेला नाही, सेल्मर, सरळ माझ्याकडे आला. टोपीखालून हवा बाहेर येत होती, ऊन, ओलसर, कुणीतरी हातावर श्वास सोडावा तशी. धुराड्यातून वर जायचा तो विषारी वायू, ज्याला वासही नसतो, सगळा उलटा फिरून तळघरात येत होता. वर ब्लोअरला हवा हवी होती आणि त्याने ती जिथून मिळाली तिथून घेतली. आमच्या घरात तेवढं एकच भोक उरलंय. माझ्या पाठीशी हाताच्या अंतरावर ब्रिटाचा पाळणा होता. मी धावत वर गेले, ब्लोअर बंद केला, मागचं दार उघडलं आणि कोंबड्यांमध्ये जाऊन उभी राहिले, अंगावर कोट नव्हता तरी.

मी हार्लनला सांगितलं नाही असं समजू नकोस. त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आर्डिस, हे यंत्र हवा बाहेर टाकतं. बाहेर टाकणारं यंत्र विष आत कसं आणेल?" मी काडीचं सांगितलं तर म्हणाला, दार उघडझाप केलं असशील, त्याचा वारा. मी म्हटलं मग निदान तवे चालू असताना खिडकी उघडी ठेवू. तर म्हणे, सगळा जिल्हा तापवायचाय का? आणि मग, हळू आवाजात, "पीठ उडालेलं असताना वारा आत घ्यायचा नाही." तेव्हा मला कळलं आपण पैशाचं बोलत नाही आहोत.

डेल आठवतो तुला? हार्लनचा जोडीदार, आमच्या लग्नात अकॉर्डियन वाजवणारा. कोठारात स्फोट झाला त्या दिवशी मालकाने धुळीचा ब्लोअर बंद ठेवायला सांगितला होता, दुरुस्ती पुढच्या आठवड्यात करू म्हणून. गव्हाची धूळ हवेत, कुठेतरी एक ठिणगी, आणि डेल गेला. हार्लन पलीकडच्या वजनकाट्यावर होता. डेलबद्दल तो त्यानंतर माझ्याशी एकदाही बोललेला नाही, मीही विचारलं नाही. आम्हाला दोघांना वाटलं की हीच समजूतदारपणाची रीत. पण इतकी वर्षं दर नाताळाआधी माझ्या स्वयंपाकघरात पीठ उडतं, तवे लाल होतात, आणि तो पडवीत उभा राहून काचेतून बघत असतो. मी समजायचे पहिल्या पोळीची वाट बघतोय. तो ब्लोअर त्याने धुरासाठी आणलाच नव्हता. लिलावात ते यंत्र दिसल्यावर त्याला वाटलं असेल, आता माझी बायको वाचली.

हे मला कसं कळलं ते सांगते. बोलून भागेना तेव्हा एकदा मी तळघरात जाऊन फ्यूज काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला. म्हटलं, बिघडला म्हणू, बाजार होऊन जाईल, मग बघू. मी लाटत होते, ब्लोअर गप्प झालेला त्याला बाहेर लाकडं फोडताना कळलं. आत आला तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. तवा बंद केला, वायर उपसली, पिठाचं भांडं उचलून बाहेर बर्फात नेऊन ठेवलं, आणि मग मला दंडाला धरून पडवीत नेलं. कोठाराच्या शेंड्यावर चढून दिवे बदलणारा हा माणूस माझा दंड सोडेना. मी खिशातला फ्यूज त्याच्या हातावर ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, "असं करू नकोस." आणि खाली जाऊन तो पुन्हा बसवला. त्याची भीती खरी आहे आणि माझीही खरी आहे, आणि एकाच स्वयंपाकघरात दोन्ही मावत नाहीत.

सध्या जमेल ते करते. ब्लोअर लावायच्या आधी खाली जाऊन बंबाच्या गॅसची खुंटी बंद करते. त्याला गार पाणी लागतं, मग तो पुटपुटत जाऊन पुन्हा पेटवतो. पण घर तापवायची भट्टी कशी बंद करू? तिचं धुराडंही तेच आहे, आणि शनिवारपर्यंत पारा शून्याखाली किती जाईल कोण जाणे. माझी पाठ दुखते म्हणून लेफ्से यंदा नको, असं व्हर्नाला सांगून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून हॉटडिशचं भांडं आलं, अख्खं जेवण एकात भाजलेलं, आणि निरोप, की तू नुसती खुर्चीवर बैस, आम्ही सगळं करू. आता खोटी पाठ आणि खऱ्या बायका दोन्ही माझ्या गळ्यात. मार्गिटला फोनवर म्हटलं बाळाला वर आमच्या खोलीत ठेवू, तर तिने विचारलं, "का गं आई, खाली काय झालंय?" आणि हार्लन समोर उभा होता, रंगाचा ब्रश हातात. मी म्हटलं, काही नाही. बघ, हे असं तोंडातून आपोआप निघतं. वर ठेवून तरी काय, घरातली हवा एकच. पंचावन्न वर्षांच्या बायकांना निदान खाली बसता येतं, बूट घट्ट झालेत म्हणता येतं. चार महिन्यांचं बाळ आईच्या खांद्यावर शांत झोपलं तर सगळ्या म्हणतील, किती गुणी आहे.

कॅफेत हल्ली लोक हार्लनला म्हणतात, निवृत्ती मानवली तुला, गालावर रंग आलाय. तो घरी येऊन मला खुशीत सांगतो. मी हसते आणि खोलीबाहेर जाते. असतील गाल थंडीने लाल झालेले, कुणाचे होत नाहीत. पण हे शब्द मी आधी ऐकलेत आणि तूही ऐकलेत. बाबांच्या शवपेटीपाशी ओळीने सगळे म्हणत होते, किती छान दिसतोय, गालावर अगदी रंग आहे, झोपल्यासारखा वाटतो. आई हो हो म्हणत होती. त्या वायूने गेलेल्या माणसाचे गाल असे लाल होतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. डॉक्टरांनी हृदय लिहिलं, आपण हृदय म्हटलं, आणि आजपर्यंत बाबा हृदयानेच गेले आहेत. गोठलेल्या तळ्यावरच्या त्या मासेमारीच्या खोपटीत, छोट्या शेगडीपाशी, गळ हातात. त्यांना शोधायला तू गेला होतास, सतरा वर्षांचा. घरी येऊन तू जे एक वाक्य बोललास त्यानंतर त्या दिवसाबद्दल तुझ्या तोंडून मी काही ऐकलं नाही. शाळा संपवून तू डुलुथला गेलास, भट्ट्यांचं काम शिकलास. तेव्हापासून लोकांच्या तळघरात गुडघ्यावर बसून त्यांची धुराडी तपासत असतोस, न मागताही. इथे फक्त उन्हाळ्यात येतोस, आणि आमच्या पडवीत बसतोस ते तळ्याकडे पाठ करून. मी कधी विचारलं का, खुर्ची फिरवून देऊ म्हणून? नाही. कॉफी दिली.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे पत्र. त्या मार्चमध्ये खोपटी ओढून काठावर आणली तेव्हा मी आणि आई ती साफ करायला गेलो होतो. फळ्याफळ्यांच्या फटींत निळ्या गोधडीच्या पट्ट्या होत्या, लोण्याच्या सुरीने एकसारख्या दाबून बसवलेल्या, दाराच्या कडेलासुद्धा. ती गोधडी तुझ्या पलंगावरची होती. एवढं नीटनेटकं काम आपल्या घरात एकच मुलगा करायचा. आईने प्रत्येक पट्टी स्वतः काढली, मला हात लावू दिला नाही, घरी आणून चुलीत घातली आणि म्हणाली, "बाप गारठू नये असं वाटलं त्याला. यावर कुणी काही बोलायचं नाही." आणि आपण कुणी बोललो नाही. आम्हाला माहीत होतं, सेल्मर. पहिल्यापासून माहीत होतं, आणि तुला दोष द्यायचा विचार आईच्या मनाला शिवला नाही, माझ्याही नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, आम्ही त्याऐवजी गप्प राहिलो आणि त्याला प्रेम समजलो. आता माझ्या घरात एक माणूस आहे, त्यानेही फटी तशाच बुजवल्यात, तितक्याच मायेने, आणि तो माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. भिंतीला भोक पाडून बाहेरची हवा आत आणायची नळी कशी बसवायची ते तुला येतं, पण त्यासाठी मी कुणालाही बोलावू शकले असते. तू आधी हार्लनसमोर बसून बाबांचं सांग. गोधडीचंही सांग. मग तो तुला डेलचं सांगेल बहुतेक, आणि मग तुम्ही दोघं मिळून भिंत फोडा. मार्गिट शुक्रवारी पोचते, त्याआधी ये. हिवाळ्यात इथे येणं तुला किती जड आहे ते कळून मागते आहे. येताना तळ्याकडच्या रस्त्याने येऊ नकोस, शाळेवरून वळ. आणि पुढच्या दाराशी बेल वाजवत बसू नकोस, मी मागचं दार उघडं ठेवणार आहे, हार्लन ओरडला तरी.

तुझीच,
आर्डिस